चौथं नाव

छत्रीबाग, इंदूर
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. तनू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, हे आधी लिहून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझ्या आजोबांची, अप्पासाहेबांची, शुगर काबूत आहे. माझे गुडघे होते तसेच. किती वर्षांनी मी कुणाला हाताने पत्र लिहिते आहे! शाळेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या अक्षराला नावं ठेवली आणि आता माझंच अक्षर बघ कसं चालतंय. पण वकील विनीता मॅडमनी बजावलं आहे की फोनवर कामाचं काही बोलू नका. तुझा फोन पोलिसांनी ठेवून घेतला, माझ्या फोनला कोण कान लावून बसलंय कुणास ठाऊक. हे पत्रही मी इथल्या पोस्टात टाकणार नाही. ऑटोने जीपीओला जाईन.

नागपूरला मावशीकडे नीट जेवतेस ना? तिच्या बिल्डिंगला वॉचमन आहे की नाही, ते मला लिहून कळव. दिवसभर असतो का, तेही. गॅलरीत उगाच उभी राहू नकोस. सब्जी आणायला मावशी जाईल, तू जायची गरज नाही.

देवांशचं तुला कळलंच असेल. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच्या पाणी तपासणीच्या लॅबमधून बाहेर पडताना त्याला उचललं. गोपनीय कागद चोरले आणि पैसे घेऊन तुमच्या पेपरला विकले, अशी केस लावली आहे. विकले म्हणे! त्या रविवारी तो आपल्या बैठकीत बसला होता तेव्हा मी समोरच होते ना. डब्याच्या पिशवीतून दोन रिपोर्ट काढले. सिमरोलच्या पुढच्या त्या गावातल्या बोरिंगच्या पाण्याचे दोन्ही. एक खरा, आणि एक साफसूफ करून वर पाठवलेला. म्हणाला, "मॅडम, कारखान्याचं पाणी बोरिंगमध्ये उतरलंय आणि मुलं ते पिऊन राहिली आहेत." आठवीत माझ्या वर्गात होता तेव्हाही असाच होता. काच दुसऱ्याने फोडलेली असली तरी याचीच झोप उडायची.

तुझी बातमी छापून आली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या गावात टँकर सुरू झाले, असं तूच सांगत होतीस. तेव्हा तू किती खुश होतीस. मीही होते. खोटं कशाला बोलू, मोहल्ल्यात दोघा-तिघांना मी स्वतः पेपर नेऊन दाखवला होता.

बाकी विशेष काही नाही. कचरागाडी रोजच्यासारखी येते. पेपरवाला तुमचा पेपर टाकत नाही आता, म्हणतो गठ्ठाच येत नाही. शुक्रवारी दुपारी एक गृहस्थ येऊन गेले. कारखानेवाल्यांच्या ओळखीतले असावेत. चहा घेतला आणि गेले. मी एकही गोष्ट सांगितली नाही. अप्पासाहेब आत पडून होते.

दूध आता मी घरपोच सुरू केलं आहे. अप्पासाहेब रागावले आहेत, सकाळचं फिरणं बंद झालं म्हणून. रागावू देत.

जपून रहा. खूप जपून रहा.

तुझी
आई

*

छत्रीबाग, इंदूर
मंगळवार, ११ मार्च

चि. तनूला अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाकीट फोडलेलं नव्हतं. मी उजेडात धरून चारी बाजूंनी तपासलं.

वॉचमन फक्त संध्याकाळी असतो म्हणतेस, हे काही मला बरं वाटलं नाही.

तुमचे संपादक भूषण यांच्याबद्दल तू जे लिहिलं आहेस ते वाचलं. देवांशचं नाव फक्त तुला आणि त्यांना माहीत होतं, तू सांगितलं नाहीस, मग उरले तेच, असा तुझा हिशेब. तू हे इंटरनेटवर सगळ्यांसमोर लिहिलंस, तेही मला कळलं. समोरच्या देशमुखांच्या सुनेने मोबाइलवर दाखवलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं आहे! संपादक नाही, दलाल आहे. स्वतःची कातडी वाचवायला पोराला विकलं. त्यांच्याकडची दोन माणसं काम सोडून गेली म्हणे.

मला यातलं काय कळतं. पण एकदम असं जाहीर लिहायला नको होतं, असं वाटतं. त्यांनाही ठाण्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं होतं. माणसाच्या मनात काय असतं, आपण कुठे बघायला जातो? जाऊ दे. तू त्यांना बातमीचा दुसरा भाग देणार नाहीस असं लिहितेस. चांगलंच आहे. कुणालाच देऊ नकोस. तनू, मी हात जोडते, आता पुरे. तुझ्याकडे काय कागद राहिले असतील ते मावशीच्या गॅसवर जाळून टाक. गावासाठी करायचं तेवढं केलंस. दुनिया सुधारायचा ठेका आपण घेतलेला नाही.

लहानपणी तू विचारायचीस, आई, पेपरमध्ये खोटं छापलं तर काय होतं? मी म्हणायचे, माफी मागावी लागते. खरं छापलं तर काय होतं, हे तू कधी विचारलं नाहीस आणि मलाही कुठे माहीत होतं?

घरात मला आता आवाज सहन होत नाही. डोअरबेलचा स्विच काढून ठेवला आहे. गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी असते. रोज असते असं नाही, पण ज्या दिवशी नसते त्या दिवशी जास्त घबराहट होते, की मग कुठे गेली असेल. परवा स्कूटरवरून दोन पोरं हसत गेली आणि माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. बाईने काम सोडलं. तिच्या नवऱ्याला कुणी तरी सांगितलं म्हणे, त्या घरी जाऊ नको.

पलक आली होती. देवांशची बायको. लेकीला कडेवर घेऊन आली होती. मी नेमकी आंघोळीला गेले होते, त्यामुळे भेट झाली नाही. पुन्हा येईल.

अप्पासाहेब बोलत नाहीत फारसे. तुला माहीत आहे, पाहुणा आला की होळकरांच्या फौजेतल्या पणजोबांच्या लढाईशिवाय ते त्याला उठू देत नाहीत. आता कुणी येतच नाही, आणि आलं तरी सांगतील असं वाटत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतात.

होळीला पुरणपोळी करणार नाही. तू तिकडे खा.

तुझी
आई

*

छत्रीबाग, इंदूर
गुरुवार, २० मार्च, दुपार

तनू,

मुद्द्याचं मी पुन्हा मागे ढकलेन आणि कचरागाडीचं लिहीत बसेन, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते.

भूषण यांनी देवांशचं नाव सांगितलं नाही. मी सांगितलं.

हे एकदा लिहून झालं. आता पाणी पिऊन आले. पुढचं लिहिते.

देवांशला उचललं त्या शुक्रवारी आलेले ते 'गृहस्थ' म्हणजे कारखानेवाल्यांचा माणूस, अर्पित. सगळे त्याला अर्पित भिया म्हणतात. पस्तिशीचा असेल, कपाळावर चंदन, इस्त्रीचा शर्ट. दुपारी साडेबारा वाजता, गल्लीत चिटपाखरू नसताना आला. वाकून माझ्या पाया पडला. मावाबाटीच्या मिठाईचा डबा आणला होता, तो टेबलावर ठेवला. "काकीजी, मेरी नानी मराठी थीं. मला थोडी थोडी येते," असं म्हणाला आणि बसला. मी चहा ठेवला. तनू, मला त्याला 'बाहेर हो' म्हणता आलं नाही, कारण तो एक शब्दही वाईट बोलत नव्हता.

चहा पिता पिता म्हणाला, "दादाजी सुबह छह-दस पे निकलते हैं ना, दूध लेने? पुलिया के पास रोड क्रॉस करते हैं. अकेले. आजकल का ट्रैफिक देखो काकीजी, मुझे तो डर लगता है."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

मग कपाकडे बघत म्हणाला, "और नागपुर में तो अभी से धूप तेज़ हो गई होगी. चौथी मंज़िल पे गर्मी भी ज़्यादा लगती है."

मावशी चौथ्या मजल्यावर राहते हे त्याला कुणी सांगितलं? उभी होते, खुर्ची धरून खाली बसले. त्याने खिशातून एक कागद काढला. म्हणाला, "आपको कुछ नहीं बोलना है. आप टीचर हो. मैं बस हाज़िरी लेता हूँ."

लॅबमधल्या चार माणसांची नावं होती. त्याने पहिलं वाचलं. मी म्हटलं, नाही, मी ओळखत नाही. दुसरं वाचलं. म्हटलं, नाही. तिसऱ्यालाही नाही म्हटलं. चौथं नाव देवांशचं होतं. तेव्हाही 'नाही' म्हणायचं होतं, तोच शब्द, तीनदा म्हणून झालेला. तो माझ्या तोंडून निघेना. तो वाट बघत बसला. मग मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "त्याची मुलगी तीन वर्षांची आहे हो."

मला वाटलं मी त्याच्यासाठी दया मागते आहे.

अर्पितने कागदाची घडी केली. "बस काकीजी. आपने तो कुछ बोला ही नहीं." उठला, आपला कप स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला, पुन्हा पाया पडला आणि गेला.

तनू, इथपर्यंत कुणी माझी बाजू घेऊ शकेल. म्हणेल, बाई एकटी होती, धमकावलं. पुढचं वाच.

तो गेला तेव्हा एक वाजला होता. देवांशला सहा वाजता उचललं. मधे पाच तास होते. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, 'देवांश आठवी ब' असा. मी दोनदा काढला. लावला नाही. नंतर मी स्वतःला समजावलं की फोन कुणी ऐकत असेल म्हणून लावला नाही. तसं नव्हतं. तो सावध झाला, पळाला, तर अर्पितला कळेल की मीच कळवलं आणि मग तो नागपूरला माणूस पाठवेल, म्हणून मी लावला नाही. शेजारच्या मुलाला पाठवू शकले असते. स्वतः ऑटो करून जाऊ शकले असते, वीस मिनिटांचा रस्ता. मी कुकर लावला. वरण-भात केला. जेवले. आणि सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही की मला सुकून वाटला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. पलंगावर आडवी झाले आणि मला गाढ झोप लागली. त्याला गाडीत घालत होते तेव्हा मी झोपेतून उठून चहा करत होते.

पलक आली त्या दिवशी मी आंघोळीला गेले नव्हते. दाराच्या आत उभी होते. ती कडी वाजवत राहिली, "मॅडम, मॅडम" म्हणत राहिली, आणि मी श्वास धरून उभी होते.

तू भूषण यांना दलाल म्हणालीस, तेव्हा मी तुला थांबवू शकले असते. उलट 'माणसाच्या मनात काय असतं' असं लिहिलं. म्हणजे तुझा संशय मी आणखी पक्का केला. ते वाक्य लिहून झाल्यावर मी एकदा वाचलं होतं, आणि तरीही ठेवलं.

काल रंगपंचमी होती. सगळं शहर गेरची मिरवणूक बघायला राजवाड्याकडे, गल्ली रिकामी. पांढरी गाडीही नव्हती. अकराच्या सुमारास कडी वाजली. फटीतून बघितलं तर तोंड पूर्ण हिरवं-गुलाबी रंगवलेला माणूस. मी उघडणार नव्हते. तो हळूच म्हणाला, "काकू, मी भूषण. ओळख लागू नये म्हणून रंग लावून आलोय."

आत आल्यावर ते बसले नाहीत. म्हणाले, "सोफा खराब होईल." भिंतीपाशी उभे राहिले. किती वाळले आहेत! म्हणाले, "काकू, मी नाव सांगितलेलं नाही. पहाटेपर्यंत बसवलं असतं तरी सांगितलं नसतं. तन्वीला एवढंच कळवा, तिचा माझ्यावर विश्वास बसत नाही."

मी विचारलं, "मग कुणी सांगितलं असेल?"

हे मी विचारलं, तनू. त्यांच्या तोंडावर.

त्यांना माहीत होतं. कागद आपल्या घरी दिले गेले हे त्यांना तूच सांगितलं होतंस ना. पण त्यांनी आरोप केला नाही. म्हणाले, "ते मी विचारणार नाही. पण एक गोष्ट सांगतो. त्या गावातले टँकर मागच्या आठवड्यापासून बंद झालेत. त्या पाण्याबद्दल आमचं छापणं थांबलं, तसे तेही थांबले. बायका पुन्हा त्याच बोरिंगचं पाणी भरतात."

मी म्हटलं, "पण तुमचा पेपर असा किती लोक वाचतात हो? त्यावर कुणाचं काय अडलंय?"

"थोडेच वाचतात," ते म्हणाले. "पण ज्यांनी वाचून घाबरायला हवं ते सकाळी पहिला तोच उघडायचे. आज आपल्याबद्दल काय आलंय म्हणून. त्या भीतीने टँकर आला, काकू. आमच्या हातात दुसरं काय असतं? आता त्यांनी ती भीती उचलून आपल्या घरात आणून ठेवलीय. माझ्या, तुमच्या. त्यामुळे तिकडे सगळे निवांत आहेत."

जाताना दारात थांबून म्हणाले, "दुसऱ्या भागाचे कागद तन्वीकडे आहेत. मला द्यायचे नसतील तर दुसऱ्या कुणाला देऊ दे. पण छापून यायला पाहिजे."

ते गेल्यावर मी तिथेच फरशीवर बसले. आणि आतून अप्पासाहेबांचा आवाज आला, "सूनबाई, इकडे या."

पलंगावर उठून बसले होते. म्हणाले, "तो पोरगा आला होता, हाजिरी घेणारा. मी जागा होतो."

मी पलंगापाशी खाली बसले.

"सगळं ऐकलं," ते म्हणाले. "मधला पडदा तेवढा होता. उठून बाहेर यायचं आणि त्याला दरवाजा दाखवायचा, एवढंच काम होतं. मी चादर तोंडावर ओढली. आयुष्यभर लोकांना पणजोबांच्या तलवारीच्या गोष्टी सांगितल्या आणि एका चहा पिणाऱ्या पोरट्याला घाबरून चादरीत शिरलो. तुम्ही एकट्या नव्हतात, सूनबाई. मीही गप्प बसलो. नंतरही गप्प बसलो. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो, म्हणजे मला बोलावं लागणार नाही."

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस माझ्यासमोर रडला. तुझे बाबा गेले तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

मी चपला घातल्या आणि निघाले. ऑटो मिळत नव्हत्या, सगळीकडे रंग. जुनी इंदूर मोहल्ल्यापर्यंत पायीच गेले. पोरांनी पिचकाऱ्या मारल्या, कुणी डोक्यावर गुलाल टाकला, मी काही पुसलं नाही. पलक वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. गच्चीवर लेकीचे रंगलेले केस धूत होती. मला बघून तिने बादली बाजूला केली, "बसा मॅडम" म्हणाली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हाजिरी, चौथं नाव, पाच तास. झोप लागली तेही सांगितलं.

ती पोरीच्या डोक्यावर पाणी घालत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आतच होतात. दाराखालच्या फटीतून मला तुमचे पाय दिसत होते."

मी म्हटलं, "हो."

"एक फोन केला असता, मॅडम. पाच तासांत एक."

"हो."

नंतर तिने जे सांगितलं ते तुलाही माहीत नसेल. कागद कुठे दिलेस, असं पोलिसांनी देवांशला विचारलं. तो म्हणाला, बस स्टँडवर. आजपर्यंत तेच सांगतो आहे. आपल्या घराचं नाव त्याने घेतलेलं नाही. "मॅडमच्या घरी पोलिस जायला नकोत, आजोबा म्हातारे आहेत," असं तिला तुरुंगातल्या मुलाकातीत सांगितलं. आणि त्यामुळेच केस बिघडली आहे. बस स्टँडवर चोरून गाठ पडली, म्हणजे पैसे घेतले असणार, असं ते म्हणतात. पैसे घेतले नाहीत हे बघणारं कुणी नाही. तू त्याच केसमध्ये आरोपी, तुझं कोण मानणार? समोर बसलेली मी होते. मी फक्त.

तो तिथे आत बसून मला सांभाळतो आहे, तनू. त्याला माहीत नाही की मीच.

मी पलकच्या हाताला हात लावायला गेले. तिने तो काढून घेतला. म्हणाली, "मला सांगून काय होणार आहे? कोर्टात सांगा." आणि लेकीला टॉवेलमध्ये गुंडाळून आत घेऊन गेली. तिने दार लोटलं, कडी लावल्याचा आवाज आला. बरोबर केलं तिने.

आज सकाळी दहा वाजता मी आणि अप्पासाहेब विनीता मॅडमच्या ऑफिसात गेलो. अप्पासाहेबांनी कोट घातला होता, त्या उन्हात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. तुम्ही हे लिहून दिलंत की कागद तुमच्या घरात आले, तर उद्या तुम्हालाही आरोपी करू शकतात. आणि अर्पितचं नाव घेतलंत तर तो गप्प बसणार नाही. विचार करायला वेळ घ्या."

मला वेळ घ्यायचा होता, तनू. खरंच घ्यायचा होता. 'दोन दिवसांनी येते' हे शब्द जिभेवर होते. तेवढ्यात अप्पासाहेब म्हणाले, "माझं शपथपत्र आधी लिहा. मी पडद्यामागे होतो. नाव, वय, पत्ता लिहा." मग मीही सांगायला लागले.

दोघांनी सह्या केल्या. माझी सही बँकेतल्या सहीसारखी आली नाही, पुन्हा करावी लागली.

देवांशच्या जमानतीची सुनावणी सोमवारी आहे. मॅडम म्हणतात, काही सांगता येत नाही, पण आता बोलायला काही तरी आहे. तिथून भूषण यांच्याकडे गेलो. ऑफिसात ते आणि एक मशीनवाला, एवढेच उरले आहेत. मी म्हटलं, "काय घडलं ते छापा. माझ्या नावाने. मी फोन केला नाही, तेही छापा." ते म्हणाले, "काकू, ते वगळलं तरी चालेल." मी म्हटलं, चालणार नाही. अर्धंच छापायचं असेल तर त्या दोन रिपोर्टांतल्या दुसऱ्यात आणि आपल्यात फरक काय? मग त्यांनी सगळं लिहून घेतलं. उद्याच्या अंकात येईल.

तनू, आता तुला करायचं ते लिहिते. भूषण यांची जाहीर माफी माग, जिथे दलाल म्हणालीस तिथेच. कारण विचारलं तर माझं नाव सांग, लपवू नकोस. आणि दुसरा भाग त्यांना दे. मागच्या पत्रात मी कागद जाळायला सांगितलं होतं. तू माझं ऐकलं नसशील, एवढीच माझी आशा आहे. जन्मभर तू माझं ऐकावंस म्हणून तुला ओरडले.

आणि मावशीचं घर आजच सोड. हे पत्र तिच्या पत्त्यावर नाही, तिच्या मुलाबरोबर पाठवते आहे. तो कामाने इथे आला होता, आज निघतो. कुठे जाशील ते मला कळवू नकोस. मला माहीत नसलेलं बरं. मला विचारलं तर मी काय करेन याची खात्री मला अजूनही देता येत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

घरी आल्यापासून तीनदा फोन वाजला. नंबर ओळखीचा नाही. अप्पासाहेब बैठकीत दारासमोर खुर्ची टाकून बसले आहेत, कोट अजून काढलेला नाही. मी त्यांना म्हटलं, आत चला. म्हणाले, इथे बरं आहे. मला वाटायचं, एकदा सांगून टाकलं की भीती जाते. तशी काही जात नाही. होती तेवढीच आहे, थोडी जास्तच. बाहेर गाडी थांबली की लिहायचं थांबते. फक्त कालपर्यंत मी त्या भीतीचं सगळं ऐकत होते.

माफ कर असं मी लिहिणार नाही. तो हक्क आधी देवांशचा आहे, मग पलकचा, मग भूषण यांचा. तुझा नंबर त्यांच्यानंतर लागतो आणि तू घाई करू नकोस.

देवांशला धरून देणारी, आणि तुला जन्म देणारी,
रमा अच्युत जगदाळे